वडखळला अडकलेली गोष्ट

मी मुळातच तापट. ग्रंथालयातल्या बाईनं हळू बोलावं, सोसून घ्यावं, चष्म्यावरून गोड बघावं अशी लोकांची अपेक्षा असते. आमच्या गावानं ती केव्हाच सोडून दिली आहे. तरी पोरं येतात. रविवारची दुपार कलली की सायकली पायरीला आदळतात, दारात चपलांचा ढीग पडतो आणि 'बाई, आज काय?' हा प्रश्न पोरांच्या आधी आत येतो. तो प्रश्न ऐकला की माझं वय निम्मं होतं, खरं सांगते.

आमचं गाव अलिबागच्या रस्त्यावरून फाट्याला आत वळलं की खाडीच्या बांधाला लागून आहे. ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि पुढे अंगण. येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांचे बाप बंदरावरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर. आज इथे तर उद्या गुजरातेत, परवा त्याच्याही पुढे. पोरं गणितात कच्ची असतील, पण सुरतेच्या अलीकडे कुठला टोलनाका लागतो ते त्यांना झोपेत विचारा.

यंदा थंडीच्या महिन्यात काहीतरी नवीन करायचं माझ्या मनात होतं. फोनवर शोधलं तर जिकडेतिकडे कापसाचे स्नोमॅन. म्हटलं, चला, हेही करून बघू. मेडिकलवाल्याकडून कापूस आणला, रिकाम्या बाटल्या जमवल्या, मैद्याची खळ शिजवली. पोरं कामाला लागली, पण त्यांना शंका फार.

"बाई, ह्याला ऊन लागलं तर काय होतं?"

"वितळतो."

"मंग कशाला करायचा?"

ह्यावर मी डोळे वटारले. नाकाला गाजर लावायचं होतं. गाजर कुणी आणलं नव्हतं. तेवढ्यात एका पठ्ठ्यानं घरी धूम ठोकली आणि मूठभर सुके बोंबील घेऊन आला. लांबट, टोकदार, अगदी नाकासारखे. मलाही त्या क्षणी ती कल्पना इतकी झकास वाटली की मी स्वतः दोन नाकं खोचली. सगळे स्नोमॅन कपाटावर ओळीनं मांडले आणि आम्ही खूश होऊन घरी गेलो.

मागच्या खिडकीचं एक दार नीट लागत नाही हे गावातल्या मांजरांना माझ्याआधी ठाऊक होतं. सकाळी कुलूप काढलं तर एकाही स्नोमॅनला नाक नाही, दोघांना डोकं नाही, आणि इतिहासाच्या कपाटापासून दारापर्यंत कापूसच कापूस. एक बोका चरित्रांच्या खणात पोट वर करून झोपला होता. हसावं की रडावं कळेना. नेमके त्याच वेळी आमचे अध्यक्ष पेपर वाचायला आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्यांना सर म्हणतं. आयुष्यभर त्यांनी कुणाला खोटं बोलू दिलं नाही आणि स्वतः कधी बोलले नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांनी नाकाला रुमाल लावला, खोली बघितली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, थंडी काय ती अंगणात साजरी करा."

मला राग आला. पण आज वाटतं, त्या बोक्याचे उपकार झाले.

पुढच्या रविवारी मी पोरांना अंगणात बसवलं आणि म्हटलं, फोनबिन मरू दे, थंडी आली हे तुम्हांला कशावरून कळतं ते सांगा. एकदम गलका झाला. पोपटी, पोपटी, पोपटी. आमच्याकडे ह्यावर दुसरं उत्तर नाहीच. वालाच्या ओल्या शेंगा भरल्या की मडक्याला आतून भांबुर्ड्याच्या पाल्याचं अस्तर द्यायचं, शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ भरायचं, तोंडात पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि वरून पेंढा-लाकडं रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब नाही. जे काय शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर. एकदा पेटवलं की मडकं उघडून बघायची सोय नाही. बाहेरून पाण्याचा शिपका मारायचा आणि चर्र आवाजावरून ओळखायचं. लवकर काढलं तर कच्चं, उशिरा काढलं तर कोळसा.

ठरलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ग्रंथालयाच्या अंगणात पोपटी लावायची आणि ती शिजेपर्यंत बाहुल्यांच्या खेळासारखी गोष्ट सांगायची. भात झोडून झालेला, त्यामुळे पेंढ्याला तोटा नव्हता. दोन रविवार आम्ही पेंढ्याचे बाहुले केले. पेंढ्याची जुडी, कमरेला सुतळी, खाली धरायला माडाच्या झावळीचा हीर, अंगावर घरून आणलेल्या चिंध्या. करवंटीचे मुकुट झाले, जुन्या लग्नपत्रिकांचे पंख झाले. पोरांच्या केसांत पेंढा, माझ्या चहात पेंढा. काय मजा होती म्हणून सांगू.

त्यांत एक चौथीतली मुलगी होती. किडकिडीत, दोन वेण्या, बोलायला लागली की मधे श्वास घ्यायची नाही. तिनं आपल्या बाहुल्याला खाकी शर्ट शिवला होता. बापाच्या जुन्या शर्टाच्या बाहीचा. सगळी पोरं गेल्यावर ती मागे थांबली.

"बाई, पोपटीच्या दिवशी गोष्ट मी सांगू?"

गोष्ट सांगायची ती मी, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. मी म्हटलं, "तू? आणि मी काय शेंगा सोलू?"

ती हसली नाही. "बाबा येनार हायत त्या दिवशी. त्यांनी माझं कायच बघितलं न्हाय. गॅदरिंगला येतो म्हनले आनि भाडं लागलं. ह्या टायमाला म्हनले, काय पन होऊ दे, येतो. मी त्यांना सांगितलंय, गोष्ट माझी हाय."

आता सांगितलंच आहे म्हटल्यावर माझा कायदा गेला चुलीत. मी तिला एकच अट घातली: मडकं पेटलं की गोष्ट सुरू, मडकं उघडलं की गोष्ट खलास. कारण शेंगांचा वास मोकळा झाला की आमच्या पोरांचे कान बंद होतात. मग तुम्ही देव जरी खाली उतरवलात तरी त्याच्याकडे कुणी बघणार नाही. ती म्हणाली, चालेल. बाबा मडकं पेटायच्या आधीच येणार होते.

पोपटी लावायचं काम तिच्या आईकडे होतं. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो; ह्या कामात त्या गावात पहिल्या नंबरच्या. लोक त्यांना लांबून बोलवायला येतात, आणि त्यांची पोपटी कधी कच्ची राहिली किंवा करपली असं मी ऐकलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी फोन कमरेला खोचला होता आणि हातानं पाला भरत होत्या. नवऱ्याचा फोन येऊन गेला होता: ट्रेलर बंदरावर लावला, मिनीडोअर रिक्षा पकडतो आणि पोचतो.

ऊन खाडीपलीकडे गेलं. आयाबाया आल्या, म्हाताऱ्या आल्या, सर कानटोपी घालून खुर्चीवर बसले. पोरांनी बाहुले घेऊन गोल केला. सगळे होते, एक माणूस नव्हता. आम्ही थांबलो. अजून थोडं थांबलो. लहान पोरं 'पेटवा ना, पेटवा ना' करून रडकुंडीला आली. वहिनींनी फाट्याच्या दिशेनं एकदा बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि काडी ओढली. पेंढ्यानं भप्पकन पेट घेतला.

मुलगी उभी राहिली. आवाज आधी इतका बारीक की मागून कुणीतरी 'मोठ्यानं' म्हटलं. मग तिनं खाकी शर्टवाला बाहुला वर धरला.

"एका गावात त्या वर्षी थंडी आलीच न्हाय. वालाला शेंगा धरंनात. पोपटी कशी लावनार? मंग गावानं ठरवलं, थंडी उत्तरेला असती, तिथून गाडी भरून आनायची. आनि हा ड्रायव्हर म्हनला, मी जातो."

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते, ती तिथेच खाली बसले. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकातली नव्हती. माझं ग्रंथालय मला पाठ आहे. तिचा ड्रायव्हर हायवेला लागला. ढाब्यावर जेवला. त्याला धुक्याच्या देशात एक म्हातारी भेटली, तिच्याकडे थंडीचं गोदाम होतं, पण चावी तिच्या सुनेकडे. बायका खो खो हसल्या. गोष्ट पळत होती, फार चांगली पळत होती, आणि तीच पंचाईत होती. ड्रायव्हर गोदामाशी पोचला तरी बाप फाट्याला पोचला नव्हता.

वहिनींच्या कमरेचा फोन वाजला. त्या बाजूला झाल्या, पण अंगण एवढं चिडीचूप होतं की सगळ्यांना ऐकू आलं. "वडखळला? आजून वडखळलाच?" रविवारची संध्याकाळ आणि वडखळ नाका. पर्यटकांच्या गाड्या, कंटेनर, सगळं एकात एक. तिथे अडकलेला माणूस कधी सुटेल ते ब्रह्मदेवही सांगायचा नाही.

मुलीनं ऐकलं. तिचा चेहरा मी बघितला. आता ही रडणार, मी उठून गोष्ट हातात घ्यायची, असं ठरवून मी पदर खोचलासुद्धा. तिनं बाहुला खाली केला, श्वास घेतला आणि तो परत वर धरला.

"ड्रायव्हरनं थंडी भरली आनि परत निघाला. पन वडखळला अडकला."

अख्खं अंगण हसलं. ती हसली नाही. ती सांगतच राहिली. थंडीची गाडी वडखळला उभी, आणि थंडी आत वितळायला लागलेली. पुढे पोलीस आला. पण पोलिसाचा बाहुला तिच्याकडे कुठे होता? तिच्या बाजूच्या मुलीनं आपल्या राजाचा मुकुट उपटला, करवंटी उलटी करून त्याच बाहुल्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसवली आणि पुढे केली. झाला पोलीस. मग मात्र पोरांना चेव आला. एकानं लग्नपत्रिकेच्या पंखांचा कावळा टोलनाक्याचा आडवा बांबू म्हणून धरला. एकानं उरलेल्या जळणातला पेंढा ओढून म्हैस वळली आणि रस्त्यात आडवी घातली. कुणी पंक्चरवाला झालं, कुणी वडेवाला. ज्याच्या हाताला जे लागलं त्याचं पात्र झालं. मुलगी प्रत्येकाला गोष्टीत जागा देत होती, एकालाही परत पाठवलं नाही. आमच्या सुतळ्या आणि हीर संपले, पोरं नुसते हात पुढे करून म्हणायला लागली, मी नदी, मी पूल. अशी गोष्टीची वेळ मी माझ्या उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. मी वेड्यासारखी टाळ्या पिटत होते.

आणि मडकं? मडकं काय गोष्टीसाठी थांबतं? ओव्याचा, भांबुर्ड्याचा वास सुटला. वहिनींनी पाण्याचा शिपका मारला. चर्र असा आवाज झाला की माझ्यासारखीला, जिचा भात रोज लागतो, तिलासुद्धा कळलं: झाली. एका म्हातारीनं विचारलं, "काय गो, झाली ना?"

वहिनींनी मडक्याकडे बघितलं. "न्हाय. कच्ची हाय आजून."

म्हातारीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या लक्षात आलं. मग हळूहळू सगळ्यांच्याच आलं. वहिनींनी लाकडं बाजूला ओढून जाळ कमी केला, तरी राख रसरसलेली होतीच. थोड्या वेळानं परत शिपका. परत चर्र. परत, "कच्ची हाय." आता करपल्याचा वास येत होता, चांगला नाकात जात होता. अंगणातली एकूणएक बाई जन्मभर पोपटी खाल्लेली, पण एकीनंही नाक मुरडलं नाही. शेवटी एका लहान पोरानं सरळ सरांना विचारलं, "सर, जळली ना हो पोपटी?"

मी सरांकडे बघितलं. म्हटलं, आता झालं, हे काही खोटं बोलायचे नाहीत. सरांनी कानटोपी नीट केली, वास घेतला, चांगला दीर्घ घेतला, आणि म्हणाले, "छे. कच्ची आहे. गोष्ट ऐक."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं बोंबलाचं प्रकरण माफ केलं.

मुलीचा आवाज बसत चालला होता. ड्रायव्हर वडखळहून सुटला, पोयनाडला आला, फाट्याला आला. आता त्याला अडवायला कुणी उरलं नव्हतं. गाडीतली थंडी उरली की वितळली, एवढंच सांगायचं बाकी होतं. ती थांबली. फाट्याच्या बाजूला बघत राहिली. पोरं म्हणाली, "मंग? मंग?"

मिनीडोअरचा फटफट आवाज आला.

तो बांधाच्या बाजूनं जवळजवळ धावत आला. पाठीला सॅक, पायात चपला, केस वाऱ्यानं उभे राहिलेले. कुंपणाशी येऊन थांबला, कारण सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला ते अपेक्षित नव्हतं. "झाली का गोष्ट?" त्यानं विचारलं. लहान पोर विचारतं तसं.

आणि आमची गोष्ट सांगणारी, जिनं पोलीस, म्हैस, नदी, पूल सगळ्यांना जागा दिली होती, तिनं बापाला बघितलं आणि गोष्ट तिथेच सोडली. ती धावली आणि त्याच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. हातातला बाहुला तसाच. बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत राहिला, "सांग की. आलो ना मी. सांग की गो." तिनं मान हलवली, वर बघायला तयार नाही.

मग पोरंच सुटली. सगळी एकदम. बाबाला ओढून अंगणात बसवलं आणि जो तो आपापला तुकडा सांगायला लागला: मी पोलीस होतो, काका, मी म्हैस, मी रस्ता अडवला, म्हातारीच्या सुनेकडे चावी होती, तुम्ही वडखळला होता ना, तो पण होता. सगळं उलटसुलट, शेवट आधी आणि सुरुवात नंतर. तो बिचारा इकडून तिकडे मान फिरवत होता, हसत होता आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होता, धुरामुळे म्हणत. वहिनींनी तेवढ्यात मडकं उपसलं. खालच्या शेंगांचा कोळसा, अंडी काळीठिक्कर, बटाटे हातात घ्यावेत तर फुटून राख. मधल्या शेंगा तेवढ्या खाण्याजोग्या. पण मडकं उघडल्यावर एकही पोर तिकडे धावलं नाही. माझा नियम खोटा ठरला आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका.

सगळं सांगून झाल्यावर बाप म्हणाला, "मंग? थंडी राहिली का गाडीत?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी मुलीकडे बघितलं. ती त्याच्या मांडीवर चढली, त्याच्या गळ्यात हात टाकला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. बराच वेळ सांगत होती. आम्ही सगळे पुढे वाकलो, सरसुद्धा खुर्चीच्या काठाशी आले, पण ऐकू आला तो नुसता श्वास. बाप आधी हसला. मग हसायचा थांबला. मग त्यानं तिला घट्ट धरलं.

"काय, काय?" पोरांनी गिल्ला केला. तो म्हणाला, "मला सांगायची बंदी हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गाडीवर गेला. पुढच्या रविवारी पोरांनी तिला कपाटापाशी गाठलं, मांडीवर घेतलं, पेरू दिला, धमक्या दिल्या; पठ्ठी बधली नाही. शेवटी मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, हे बघ, मी ग्रंथालयातली बाई. मला तरी सांग. शेवट माहीत नसलेली गोष्ट माझ्याकडे असून कसं चालेल?

ती म्हणाली, "बाई, शेवट बाबांना दिला. त्यांना गाडीत एकट्याला लांब जायचं असतं."